फोनवरच्या बाई आणि मी

मित्रांनो, राखाडी अंगाचा, शाळेच्या पाटीपेक्षा थोडा मोठा, अंगावर बटणांच्या रांगा आणि प्रत्येक बटणाशेजारी लाल दिव्याचा एकेक ठिपका असलेला मी एक जुना टेलिफोनचा बोर्ड आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्यासारखं काही पाहिलं नसेल. तुमच्या घरी प्रत्येकाच्या खिशात आपापला फोन असतो. पण एक काळ असा होता की अख्ख्या कारखान्याला बाहेरून दोन-तीन लाइनी यायच्या आणि आत मात्र खोलीखोलीत फोन असायचे. बाहेरून कुणी फोन केला की तो आधी माझ्याकडे यायचा. माझ्यासमोर बसलेल्या ऑपरेटरने विचारायचं, "कोण हवंय?" आणि त्याचं बटण दाबून लाइन जोडून द्यायची. मी म्हणजे त्या कारखान्याचं दार होतो म्हणा ना.

मी पुण्याजवळच्या एका छोट्या कारखान्यात तयार झालो. लांब टेबलाशी ओळीने बसलेल्या मुली कथील वितळवून माझ्या पोटातल्या बारीक तारांना डाग देत होत्या. त्यांचे हात भराभर चालत आणि त्याहून भराभर त्यांच्या गप्पा. जगात आल्यावर मी पहिल्यांदा काय ऐकलं असेल, तर माणसांचं बोलणं. पुढे आयुष्यभर मला तेच ऐकायला मिळालं, आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

तिथून एका टेम्पोत बसून मी नगरला आलो. आता जिल्ह्याचं नाव बदललं आहे, पण तेव्हा सगळे नगरच म्हणत. नागापूरच्या एमआयडीसीत पाण्याच्या पंपांचे भाग ओतणारा एक कारखाना होता. त्याच्या ऑफिसात, शिरल्या शिरल्या डाव्या हाताला, काचेची एक लहानशी केबिन होती. तिथल्या टेबलावर मला बसवलं आणि माझ्या जोडीचा लोखंडी डबा मागच्या भिंतीवर ठोकला. सगळ्या तारा त्या डब्यात येत. आम्ही दोघं मिळून एकच.

त्याच आठवड्यात माझ्यासमोरच्या खुर्चीवर नीलांबरी खिस्ती नावाच्या बाई रुजू झाल्या. तेव्हा त्यांचं वय तिशीच्या आसपास असेल. नवरा शामकांत शाळेत शिक्षक, मुलगी मनवा बालवाडीत. पहिल्याच दिवशी त्यांनी पदर खोचला, ओल्या फडक्याने माझं एकेक बटण पुसलं, आणि रिसीव्हर कानाला लावून म्हणाल्या, "नमस्कार, बोला." त्यांचा आवाज फार गोड वगैरे नव्हता. थोडा जाडसर, पण सावकाश. समोरच्याला वाटायचं, या बाईंना कसलीच घाई नाही, आपण नीट सांगावं.

मित्रांनो, ऑफिसात नीलांबरीबाईंचं नाव फार थोड्यांना माहीत होतं. सगळे त्यांना "ऑपरेटर" म्हणत. दर दिवाळीला ऑफिसच्या पायऱ्यांवर सगळ्यांचा फोटो निघे. तेव्हा फोनवर कुणीतरी बसायला हवं म्हणून बाई आतच राहत. भिंतीवर ते फोटो ओळीने लागत गेले आणि एकाही फोटोत बाई नव्हत्या. त्या मात्र जाता-येता ते फोटो बघत आणि कोण किती जाड झालं ते मला ऐकू येईल असं पुटपुटत.

एकदा तर फारच लागलं. कामगार विभागात सुहास नावाचे नवे अधिकारी आले होते. हुशार होते, वागायलाही चांगले. मोठ्या साहेबांशी बोलण्यासाठी त्यांनी लाइन मागितली. बाईंनी जोडून दिली, पण रिसीव्हर खाली ठेवायला त्यांना अर्धा क्षण उशीर झाला. तेवढ्यात सुहास साहेबांचं एक वाक्य कानावर पडलं. "फोनवर एक पूर्ण माणूस कशाला हवंय, सर? दिवसभर बटणंच तर दाबायची असतात." बाईंनी अलगद रिसीव्हर ठेवला. पुढचा फोन आला तेव्हा त्यांनी "नमस्कार, बोला" म्हटलं, आणि लाइन जोडून दिली.

बटणं तर त्या दाबतच होत्या. पण त्यांच्या कामात आणखी काय काय होतं, ते मला ठाऊक आहे. त्यातली एक गोष्ट तुम्हाला सांगतो.

कारखान्याच्या भट्टीवर सूर्यभान नावाचा एक तरुण कामगार होता. त्याचं गाव राहुरी तालुक्यात, देवळाली प्रवरेच्या पलीकडे. घरी थोडा ऊस, थोरला भाऊ आणि आई साळूबाई. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांचं भांडण झालं आणि सूर्यभान तडक नागापुरात खोली घेऊन राहू लागला. गावाकडे जाणं त्याने बंद केलं. आई बाजाराच्या दिवशी किराणा दुकानातून कारखान्याला फोन करायची.

"बाई, माझा सूर्यभान हाय का गं तिथं?"

"आहे, मावशी. निरोप देते."

बाई भट्टीवर निरोप धाडत. उलट निरोप येई, "कामात हाय म्हनून सांगा." असं एकदा नाही, कितीतरी बाजारांना झालं. बाई खोटं बोलत नसत. त्या साळूबाईला म्हणत, "मावशी, तो यायला तयार नाही. पण सकाळी मी त्याला गेटवर पाहिला. तब्येत बरी आहे, डबा हातात होता." तेवढ्यावर म्हातारी फोन ठेवायची. मग तिला सवयच लागली. मुलगा येत नसेल तर बाईंशीच दोन शब्द बोलायची. उसाला तोड आली का, म्हशीला रेडकू झालं का, सगळं बाईंना कळायचं.

एक दिवस सूर्यभान रजेचं विचारायला ऑफिसात आला होता. नेमका तेव्हाच साळूबाईचा फोन आला. बाईंनी काचेतून त्याला हाक मारली.

"सूर्यभान, जरा इकडे या. हा रिसीव्हर धरा. मी पाणी पिऊन येते."

त्याने भाबडेपणाने धरला. बाई केबिनचं दार ओढून बाहेर गेल्या. आता लाइनवर एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला मुलगा, मध्ये मी. मग साळूबाई म्हणाली, "बाई, हाईस ना गं?"

सूर्यभानने डोळे मिटले. "आये, म्या हाय," तो म्हणाला.

पुढचं मी तुम्हाला सांगणार नाही, ते त्या दोघांचं आहे. एवढंच सांगतो की बाईंना पाणी पिऊन यायला खूप उशीर झाला, आणि त्या शनिवारी सूर्यभान गावी गेला.

पण त्या दिवशी बाहेरची एक लाइन फार वेळ अडून राहिली होती आणि बाकीच्या उचलायला कुणी नव्हतं. कुणा मोठ्या गिऱ्हाइकाला फोन लागला नाही. बाईंना वर बोलावून समज दिली गेली. खाली आल्या, खुर्चीत बसल्या आणि माझ्यावरची नसलेली धूळ पुसत राहिल्या. आपण हे का केलं ते त्यांनी वर सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर सूर्यभानचं घरचं भांडण ऑफिसभर झालं असतं.

अशी वर्षं गेली. सूर्यभानचं लग्न झालं, मुलं झाली. बाईंच्या केसांत पांढऱ्या बटा आल्या, मनवा शिकून पुण्याला नोकरीला लागली, शामकांतराव निवृत्त झाले. सगळ्यांच्या हाती मोबाईल आले आणि माझे दिवे कमी कमी पेटू लागले. काही बटणं घट्ट झाली. बाई ती जरा जोर लावून दाबत.

मग एका दुपारी सुहास साहेब स्वतः केबिनमध्ये आले. आता तेही पोक्त झाले होते. बाजूच्या स्टुलावर बसले.

"मॅडम, नवी सिस्टीम येतेय," ते म्हणाले. "फोन आपोआप उचलला जाईल. ज्याला जे हवं त्याने तो आकडा दाबायचा. महिनाअखेर ही केबिन बंद होईल. तुमच्या कामाबद्दल कुणाची काही तक्रार नाही."

"आणि फोन करणाऱ्याला आकडा कळला नाही तर?" बाईंनी विचारलं.

"शून्य दाबलं की गेटवरच्या सिक्युरिटीला लागेल."

बाईंनी मान हलवली. मग म्हणाल्या, "हे सांगायला तुम्ही स्वतः खाली आलात. वर बोलावलं नाहीत. बरं वाटलं."

सुहास साहेब उठले तेव्हा बाईंनी एवढंच मागितलं, "हा बोर्ड भंगारात जाणार असेल तर मी घेऊन जाऊ?" साहेब म्हणाले, "न्या ना." शेवटच्या दिवशी वायरमनने माझा डबा भिंतीवरून उतरवला आणि आम्हा दोघांना एका खोक्यात घातलं. चहाच्या वेळी सगळ्यांनी बाईंना शाल दिली. ती देताना एकाने दुसऱ्याला हळूच विचारलं, "यांचं आडनाव काय?"

सावेडीतल्या बाईंच्या घरी मी हॉलमधल्या शोकेसवर जाऊन बसलो. माझ्यावर क्रोशाचा रुमाल आला. शामकांतराव प्रेमाने म्हणाले, "खूप केलंस. आता आराम कर." पुण्याहून मनवाचा फोन आला, "आई, आता पुढे काय करणार तू?" शेजारच्या बाईंनी पैसे किती मिळाले ते विचारलं. सगळे काळजीनेच बोलत होते. पण बाई दिवसेंदिवस गप्प होत चालल्या. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना त्या अवाक्षर काढत नसत. दिवसभर बोलण्याचं काम केलेल्या माणसाचं घरातलं ते न बोलणं मला सोसवत नव्हतं.

कधीकधी शामकांतराव वाचनालयात गेले की बाई मोबाईल घेत आणि कारखान्याचा नंबर लावत. पलीकडून यंत्रातली बाई म्हणे, "विक्री विभागासाठी एक दाबा." त्या शेवटपर्यंत ऐकत. काहीच दाबत नसत. एकदा शामकांतराव लवकर परतले.

"कुणाला फोन लावलास?"

"कुणाला नाही," बाई म्हणाल्या आणि पोळ्यांच्या तयारीला लागल्या. शामकांतराव दारातच उभे राहिले. त्यांना समजलं होतं, पण काय करावं ते समजत नव्हतं.

साधारण दोनेक महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, दारावरची बेल वाजली. दारात सूर्यभान उभा होता. केस विरळ झालेले, अंगात इस्त्रीचा सदरा. त्याचा हात धरून एक वाकलेली म्हातारी उभी होती. नऊवारी, कपाळावर मोठं गोंदण, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला.

"मॅडम, आयेला आनलंय," तो म्हणाला.

साळूबाईने बाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं. चेहऱ्यावर ओळख नव्हती. असणार कुठून? इतक्या वर्षांत दोघींनी एकमेकींना कधी पाहिलंच नव्हतं.

"बोल की गं जरा," म्हातारी म्हणाली.

बाई गोंधळल्या. "या ना मावशी, आत या. दारात का उभ्या?"

तेवढं ऐकलं आणि साळूबाईने दोन्ही हातांनी बाईंचे दंड पकडले. "हाय गं माझी बाय. जित्ती हाय," ती म्हणाली, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावू लागली.

बाईंना काही कळेना. मग सूर्यभानने खाली मान घालून सगळं सांगितलं. कारखान्यात आता कामावर जाताना मोबाईल गेटवर जमा करावे लागत. त्यामुळे मुलाला काही तातडीचं सांगायचं असलं की साळूबाई जुन्या सवयीने कारखान्याच्या नंबरलाच फोन करायची. या वेळी केला तर यंत्र बोलायला लागलं. तिने घाबरून कुठलंतरी बटण दाबलं, ते गेटवर लागलं. तिने विचारलं, "फोनवरली बाई कुठं हाय?" तर सिक्युरिटीवाला म्हणाला, "त्या बाई गेल्या."

"म्या बसले ना खाली," साळूबाई म्हणाली. "दोन दिस माझ्या घशाखाली घास न्हाई. ह्याला म्हनलं, अरं, बाई गेली आन तू मला सांगितलं बी न्हाईस? तर ह्यालाच ठावं न्हाई."

"खरंच न्हवतं ठावं, मॅडम," सूर्यभान म्हणाला. "म्या रोज त्याच गेटातून आत जातो. केबिनला कुलूप दिसायचं. वाटलं, रजेवर असाल. आये रडायला लागली तवा म्या जाऊन इचारलं. लई लाज वाटली."

शामकांतराव स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. ते एकदम हसले. आणि मग बाईही हसल्या. त्या घरात मी बाईंना पहिल्यांदा हसताना ऐकलं. हसणं थांबेना, शेवटी डोळे पुसावे लागले. "मी गेले नाही हो मावशी," त्या म्हणाल्या, "मला काढलं."

साळूबाई सोफ्यावर न बसता खाली सतरंजीवर बसली आणि बाईंनाही तिने शेजारी ओढून बसवलं. चहा झाला. मग तिने विचारलं, "मला निस्ता तुजा आवाज ठावा. तुजं काम तरी काय असायचं गं तिथं? सांग की मला."

मित्रांनो, इतके दिवस हे कुणी विचारलंच नव्हतं. पुढे काय, पैसे किती, वेळ कसा जातो, एवढंच सगळे विचारत होते. बाई आधी म्हणाल्या, "काही नाही हो, फोन घ्यायचा आणि जोडायचा." पण साळूबाई गप्प बसून बघत राहिली. मग बाईंनी एक आठवण सांगितली, ती सांगताना दुसरी निघाली. भट्टीवर कुणाला भाजलं की त्याच्या घरी कसं कळवायचं, आधी काय सांगायचं आणि कुठलं वाक्य मागे ठेवायचं. चिडलेल्या गिऱ्हाइकाला बोलून कसं होऊ द्यायचं. जेवणाच्या सुट्टीत घरून कुणाचा फोन येणार हे लक्षात ठेवून त्या माणसाला आधीच जवळ कसं थांबवायचं. शामकांतराव खुर्ची ओढून ऐकायला बसले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनाही यातलं फारसं ठाऊक नव्हतं. ते मध्येच म्हणाले, "हे तू मला कधी सांगितलं नाहीस." बाई म्हणाल्या, "मलाही आजच कळतंय."

उठताना साळूबाईने आपल्या डोळ्याचं रडगाणं सांगितलं. नगरात एका ट्रस्टचा डोळ्यांचा दवाखाना होता. "दोनदा येऊन गेले. फोन लावावा तर वाजतोय निस्ता, कोनी उचलत न्हाई. आन आलं की म्हनत्यात, आज मोठं डाक्टर न्हाईत."

बाईंनी तिला मुक्कामाला ठेवून घेतलं. सकाळी दोघी रिक्षाने दवाखान्यात गेल्या. तिथलं सगळं बाईंनी रात्री शामकांतरावांना सांगितलं, ते मी ऐकलं. साळूबाईचा नंबर येईपर्यंत बाई काउंटरजवळच्या बाकावर बसल्या होत्या. फोन वाजत होता. काउंटरवरची मुलगी एकाच वेळी पावत्या फाडत होती, औषधाचे थेंब टाकत होती आणि कुणाला तरी वाट दाखवत होती. ती फोनकडे वळूच शकत नव्हती. बाईंनी तिला विचारलं, "मी घेऊ का?" मुलीने मान डोलावली. बाईंनी रिसीव्हर उचलला.

"नमस्कार, बोला."

त्या दिवशी साळूबाईची तपासणी झाली तरी बाई जागच्या हलल्या नव्हत्या. संध्याकाळी त्या व्यवस्थापकांना भेटल्या आणि सरळ म्हणाल्या, "मला इथे फोनचं काम द्या. मला ते येतं." व्यवस्थापकांनी आधी अर्धा दिवस दिला. महिन्याभरात पूर्ण दिवस झाला. पगार कारखान्यापेक्षा कमी आहे, पण बाईंनी घरी सांगितलं, "मला बोलायला मिळतंय."

आणि मी? दवाखान्यात खोल्या पुष्कळ आणि फोन एकच होता. ऑपरेशनच्या खोलीला निरोप द्यायला माणूस पळवावा लागे. बाईंनी माझं नाव काढलं. रुमाल बाजूला झाला, माझा डबा उघडला गेला, आतल्या कोळिष्टकांचा गोळा निघाला. वायरमनने पुष्कळ खटपट केली. माझी काही बटणं कायमची गेली आहेत, पण उरलेली कामाला पुरतात. पहिला लाल दिवा लागला तेव्हा मला जे वाटलं ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत. मी आजवर दुसऱ्यांचेच शब्द पोचवत आलो आहे.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. फोन आला. पलीकडचा माणूस "हॅलो" म्हणाला आणि बाईंनी लगेच ओळखलं. "सुहास साहेब, बोला."

"मॅडम? तुम्ही?" मग ते म्हणाले, "माझ्या वडिलांचं उद्या ऑपरेशन आहे. ते फार घाबरलेत, नको म्हणतात. घरात कुणाचं ऐकत नाहीत." आणि विचारलं, "तुम्ही जरा बोलाल का त्यांच्याशी?"

"द्या ना," बाई म्हणाल्या.

त्या बराच वेळ बोलल्या. सकाळी किती वाजता यायचं, चष्मा आणायचा की नाही, आत गेल्यावर दिवा कसा दिसतो, सगळं सावकाश. दुसऱ्या दिवशी म्हातारे गृहस्थ आले आणि आधी फोनच्या खोलीत डोकावून गेले. सुहास साहेब त्यांच्यामागे उभे होते. त्यांनी बाईंना हात जोडले. बाईंनीही जोडले. त्या नंतर मला म्हणाल्या, म्हणजे माझी बटणं पुसताना आपल्याशीच म्हणाल्या, "त्यांनी काढलं नसतं तर मी इथे आले नसते. पण काढलं तेव्हा दुखलं होतं, तेही खरंच आहे."

मित्रांनो, माझे सुटे भाग आता कुठे मिळत नाहीत. पुढचा बिघाड हा माझा शेवटचा असेल. त्याचं मला वाईट वाटत नाही. मला चांगले हात मिळाले, चांगलं काम मिळालं, आणि ऐकायला माणसं मिळाली.

जाता जाता तुमच्याकडे एक मागणं मागतो. माझ्यासारख्या जुन्या वस्तू पुसून ठेवा, जमल्यास दुरुस्त करा, हे तर झालंच. पण कधी तुमच्या घरातलं कुणी, आई, बाबा, काका, मावशी, काम सुटून घरी येऊन बसलं, तर त्यांना लगेच "आता पुढे काय?" असं विचारू नका. त्यांच्याजवळ सतरंजीवर बसा आणि विचारा, "तुम्ही तिथे काय काम करत होतात? मला सांगा ना." ते आधी म्हणतील, "काही नाही रे." तेव्हा उठून जाऊ नका. थोडा वेळ थांबा. मग ते बोलायला लागतील. आणि बोलायला लागले की मध्ये काही बोलू नका, फक्त ऐका.